सरांचा आरसा

मोटार शिकवणाऱ्या माणसाकडून लोकांना गमतीचे किस्से हवे असतात. या अंकाच्या संपादकांनीही पत्रात तसेच सुचवले होते. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबून पानठेल्यात शिरलेला नवरदेव, शिकायला येताना घरून उशी घेऊन येणाऱ्या बाई, असे किस्से माझ्याजवळ आहेत. अमरावतीत अर्धे आयुष्य हाच धंदा केल्यावर ते नसतील तरच नवल. त्यांतले एखाददुसरे ओघात सांगेनही. पण मला लिहायचे आहे ते गाडीच्या डाव्या आरशाविषयी आणि सुजाता नावाच्या माझ्या एका विद्यार्थिनीविषयी. एका अपघातानंतर तिने गाडी चालवणे सोडले, आणि तिला पुन्हा स्टिअरिंगवर बसवण्यासाठी मी गेल्या वर्षी अकोल्याला गेलो. गेलो नसतो तर बरे झाले असते, असे आता वाटते. का वाटते ते कळण्यासाठी आधी आमचा धंदा थोडा समजून घ्यावा लागेल.

शिकवणीच्या गाडीत डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतात. शिकणारा उजवीकडे बसतो, शिकवणारा डावीकडे. शिकवणाऱ्याचे पाय सतत पेडलच्या किंचित वर, अधांतरी. त्याने माझे गुडघे कायमचे आखडले आहेत; घरी जेवायला बसलो तरी पाय तसेच उचललेले राहतात, असे पत्नी म्हणते. उजवी बाजू शिकणाऱ्याच्या अंगालगत असते, तिकडे त्याचे आपोआप लक्ष जाते. डावी बाजू मात्र शिकवणाऱ्याच्या जिवावर असते. आपल्याकडे त्या बाजूने काय येईल याचा नेम नाही. दूधवाला येतो, शाळेच्या सायकली येतात, म्हशी येतात, चुकीच्या दिशेने ऑटो येतो. ते सगळे मला वेळेवर दिसावे म्हणून गाडीचा डावा आरसा मी माझ्याकडे वळवून घेत असे. आमच्या रस्त्यावरच्या सगळ्याच शिकवणीच्या गाड्यांत तो तसा वळवलेला असे. ज्या उस्तादांच्या हाताखाली मी तयार झालो, तेही गाडीत बसल्याबरोबर दार लावण्याच्या आधी काच खाली करून हात बाहेर काढत आणि आरसा स्वतःकडे ओढून घेत. मला ती ऐट वाटायची. पुढे माझाही हात तसाच बाहेर जाऊ लागला.

शिकणाऱ्याच्या जागेवरून त्या आरशात काय दिसत असेल? रस्ता तर नाहीच. बाजूच्या दुकानांच्या पाट्या, विजेचे खांब, गावाबाहेर पडलो की पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, शेते, असे काहीतरी सर्रकन निघून जाताना दिसे. नवा माणूस गोंधळून विचारी. मी हसून म्हणे, "तिकडे पाहू नका, तो माझा आहे." हळूहळू त्याला नावच पडले. मुले आरसे मोजून दाखवीत: उजवा आरसा, मधला आरसा आणि सरांचा आरसा. मला त्या नावाचे कौतुक वाटत असे. माणसाला आपल्या नावाचे काहीतरी जगात असलेले आवडते.

तसे आरशांविषयी आपल्या लोकांचे मत फारसे चांगले नसतेच. चांदूर रेल्वे गावाकडचे एक वयस्क शेतकरी मुलाने गाडी घेतली म्हणून शिकायला येत. जन्मभर ट्रॅक्टर चालवलेला माणूस; हात पक्का होता, पण आरशात पाहायचे म्हटले की ते चिडत.

"सर, मले सांगा, मागं पाहून मी करू काय? मागून येनाऱ्याले डोये नाईत का? तो पाह्यते ना मले."

"आणि तुमच्या पुढचा असेच म्हणाला तर?" मी विचारले.

"त्याच्या मागं तं मी आहो. मी पाह्यतोच न त्याले!" असे म्हणून ते स्वतःवरच खूश झाले. या युक्तिवादातली फट मला तेव्हा, खरे सांगायचे तर, दाखवावीशीच वाटली नाही.

एक निवृत्त मुख्याध्यापक होते. ते मधला आरसा मागच्या काचेकडे न लावता मागच्या सीटवर बसलेल्या आपल्या पत्नीकडे लावून घेत, कारण तिने नाक मुरडले की त्यांना गाडीचा वेग कमी करावा लागे. त्यांची गाडी आजवर कुठे घासलेलीही नाही. हे सगळे मी लग्नकार्यात सांगत असे आणि लोक हसत असत.

काही वर्षांपूर्वी शिकवणाऱ्यांसाठी भरलेल्या एका शिबिरात मला एका उभ्या गाडीत बसवले. तिथले प्रशिक्षक गाडीच्या मागून सावकाश चालत माझ्या बाजूला येऊ लागले आणि दर पावलाला विचारू लागले, "दिसतोय का?" आधी ते मधल्या आरशात दिसत होते. मग नाहीसे झाले. बराच वेळ ते कुठल्याच आरशात नव्हते, आणि डोळ्यांच्या कडेलाही नव्हते. मी मान वळवली तेव्हा ते माझ्या खांद्याच्या जरा मागे, हाताने दार उघडता येईल इतक्या जवळ उभे होते. एक धडधाकट माणूस माझ्या एवढ्या जवळ उभा होता आणि माझ्यासाठी तो नव्हताच.

आरसे लावण्याची रीत त्यांनी त्या दिवशी दाखवली, ती साधी आहे. आपण सगळे आरशात आपल्याच गाडीची बाजू दिसेल असे ठेवतो. आपले दार, आपले हँडल दिसले की बरे वाटते. पण जेवढ्या काचेत आपली गाडी मावते, तेवढ्यातले बाहेरचे जग कापले जाते. म्हणून डोके उजव्या काचेला टेकेल इतके झुकवायचे आणि तिथून आपल्या गाडीची मागची कड जेमतेम दिसेल इतका उजवा आरसा बाहेर वळवायचा. मग गाडीच्या मध्यापर्यंत डावीकडे झुकून डाव्या आरशाचे तसेच करायचे. सरळ बसल्यावर आपली गाडी दोन्ही आरशांतून नाहीशी होते. मागून येणारे वाहन मधल्या आरशातून निघाले की बाजूच्या आरशात येते, तिथून निघाले की डोळ्यांच्या कडेला येते; मध्ये फारसे कुठे हरवत नाही. उरलीसुरली जागा मान वळवून पाहायची.

परत आल्यावर मी माझ्यासाठी एक छोटा गोल आरसा आणून डाव्या बाजूला वेगळा बसवला आणि गाडीचा डावा आरसा शिकणाऱ्याला देऊन टाकला. एवढे सोपे होते ते. लोकांना मात्र नवी रीत रुचत नाही. "सर, माही गाडीच दिसून नाई राह्यली!" असे दर दुसरा माणूस घाबरून म्हणतो आणि माझी पाठ वळली की आरसा पुन्हा आत ओढतो. मी रागावत नाही. रागावण्याचा अधिकार मला उरलेला नाही, कारण त्याआधी माझ्या गाडीतून जे शिकून गेले त्या सगळ्यांना डावा आरसा नव्हताच. सुजाता त्यांतलीच.

सुजाताचे वडील रेल्वेत होते. नोकरी संपल्यावर ते अमरावतीला राहायला आले. त्यांच्या घरात गाडी चालवायला शिकणारी ती पहिली. पहिल्या दिवशी वडील तिला सोडायला आले, मला "जयभीम सर" म्हणाले आणि गाडीभोवती एक फेरी मारून, चाकांकडे नीट पाहून मगच परत गेले. सुजाता नर्सचे शिक्षण घेत होती. सांगितलेले एकदा ऐकायची आणि मग ते कधी मोडायची नाही. अशा विद्यार्थ्यांचा शिक्षकाला अभिमान वाटतो. त्यांच्यात आपली चूकही तशीच्या तशी टिकते, हे शिक्षकाला फार उशिरा कळते.

पुढे लग्न होऊन ती अकोल्याच्या जुन्या शहरात गेली. मूर्तिजापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या आरोग्य उपकेंद्रात तिला नोकरी मिळाली. एसटीच्या वेळा जुळेनात, म्हणून तिने जुनी गाडी घेतली. ती रोज एकटी जाऊन येत असे. जुन्या शहरातल्या बोळांत दोन गाड्या एकमेकींना घासून जातात, त्यामुळे तिथे बरेच जण डावा आरसा मिटूनच ठेवतात. तिनेही मिटून ठेवला. तिला त्याची उणीव कधी भासली नाही. ती एकदा हसत फोनवर म्हणाली होती, "तसाही तो सरांचाच आहे."

एका संध्याकाळी आपल्या बोळात शिरण्यासाठी ती डावीकडे वळली. तिच्या डाव्या अंगाने मोटारसायकलवर गजानन नावाचे वायरमन येत होते. ते तिच्याच बोळात राहत. गाडी आणि कडेचा ओटा यांच्यामध्ये त्यांचा पाय सापडला. जीव वाचला, पाय वाचला, पण वळेना. खांबावर चढणारा माणूस आता काठी घेऊन चालतो आणि दुकानात बसून पंखे दुरुस्त करतो.

सुजाताने त्या दिवसापासून चावीला हात लावला नाही. काही महिने रजा काढली. मग एक दिवस तिच्या वडिलांचा मला फोन आला.

"सर, सुजा नोकरी सोडून राह्यली. कोनाचंच आयकत नाई. तुमच्यावर भरोसा आहे तिचा. एक डाव तिले गाडीवर बसवून द्या. आमच्या घरातल्या बाईमानसाची पह्यली सरकारी नोकरी आहे, सर."

मी जाईन म्हणालो. अपघाताची हकीकत त्यांच्याकडून ऐकताना "डाव्या अंगानं" हे शब्द आले, तेव्हाच मला समजले होते की मला तिला काय सांगायचे आहे.

शिकवणीचीच गाडी घेऊन मी अकोल्याला गेलो. सुजाताने चहा केला. ती बारीक झाली होती, पण शांत होती. मी म्हणालो, "सुजाता, तो आरसा माझा नव्हता, तुझाच होता. मी तो तुला कधी दिलाच नाही. चूक तुझी नाही."

तिने कप खाली ठेवला. "जाऊ द्या ना सर. आरसा उघडा असता तरी काय दिसलं असतं? गजूभाऊ सोताच म्हणतात, मी तुमच्या कोपऱ्यात होतो ताई, कोणालेच नसतो दिसलो. त्यायनं तसं म्हटलं म्हणून तं मी अजून बोळातून तोंड वर करून चालते."

हे वाक्य मी ऐकले. त्यात तिचा सगळा आधार होता, हे मला आज लिहिताना दिसते. त्या वेळी मला त्यात फक्त एक चुकीची समजूत दिसली, आणि चुकीची समजूत दुरुस्त करणे हा माझा धंदा होता. "चल, तुला दाखवतो," मी म्हणालो.

दारात गजाननभाऊच भेटले. काठी टेकवून त्यांनी माझ्या गाडीवरची लाल अक्षरे मोठ्याने वाचली.

"तुमीच का ते सर? बरं झालं बाप्पा आले तं. ताईले बसवा गाडीवर. नाई तं लोक म्हनतीन, गज्यानं आपला पाय तं घालवलाच, अन् बाईची नोकरीबी खाल्ली."

"काहीही बोलता भाऊ तुमी," सुजाता म्हणाली. पण ती किंचित हसली. वडिलांनी सांगितले होते की ती हसत नाही. मला आशा वाटली.

गजाननभाऊ आपण होऊन मागच्या सीटवर बसले. मोर्णा नदीच्या काठी एक मोकळी जागा आहे, तिथे आम्ही गेलो. सुजाताला मी उजवीकडे बसवले. तिने सीट पुढे ओढली, पट्टा लावला. तिचे हात जिथे हवे तिथेच जात होते. मी सांगत गेलो, ती करत गेली. डोके काचेला टेकवून उजवा आरसा लावला. मध्यापर्यंत झुकून डावा. आरसे बाहेरूनच फिरवावे लागतात, म्हणून डावा मी तिच्या सांगण्याप्रमाणे फिरवत होतो: "अजून थोडा, सर. अजून. बस."

"आता कोणीतरी बाहेर उभे राहायला हवे," मी म्हणालो. मी स्वतः उतरणार होतो. गजाननभाऊंनी मागचे दार आधीच उघडले होते.

"तुमी बसा सर. मी राह्यतो उभा. मले जागा मालूम आहे."

ते काठीवर भार देत उतरले आणि गाडीच्या डाव्या अंगाला, मागच्या चाकापाशी जाऊन उभे राहिले. आपल्या थट्टेवर ते स्वतःच हसत होते. माझ्या गोल आरशात ते मला दिसत होते. सुजाताने आपल्या आरशात पाहिले.

ती पाहतच राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, शिकणाऱ्याला कळले की त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते त्याची वाट पाहत. तिचे ओठ हलले. मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात ती म्हणाली, "पूर्ण दिसतात, सर. काठीसकट."

तेव्हा मला कळले मी काय केले आहे ते.

"दिसलो का, ताई?" बाहेरून गजाननभाऊंनी विचारले.

सुजाताने नजर आरशावरून वळवली नाही. "नाही भाऊ," ती मोठ्याने म्हणाली. "नाही दिसत."

"पाहा!" ते काठी उंचावून म्हणाले. "म्या काय म्हनलं होतं? देवालेबी नसतो दिसलो मी तिथं. आता बिनघोर चालवा तुमी. सर, सांगा यायले!"

गाडीत आम्ही दोघे होतो आणि दोघांनाही तो माणूस आपापल्या आरशात लख्ख दिसत होता.

सुजाताने गाडी सुरू केली नाही. चावी काढून माझ्या हातावर ठेवली आणि ती उतरली. परतताना मी गाडी चालवली. ती मागे बसली, गजाननभाऊ माझ्या शेजारी. ते खुशीत होते, गणपतीत केलेल्या रोषणाईच्या गोष्टी सांगत होते. बोळाच्या तोंडाशी ते उतरून गेल्यावर सुजाता माझ्या खिडकीपाशी आली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते.

"सर, हे एक तं तेव्हाच दाखवायचं होतं. नाही तं आता दाखवायचंच नव्हतं."

तिने पुढच्या आठवड्यात राजीनामा दिला. तिच्या वडिलांनी तो देऊ नको म्हणून खूप समजावले. ते अजून मला रस्त्यात भेटतात आणि म्हणतात, "तुमी तं गेलते बिचारे एवढ्या दूर, सर. तुमचे उपकार आहेत." मी मान खाली घालतो. तिकडे काय झाले ते मी त्यांना सांगितलेले नाही. एकदा सांगून मी काय मिळवले ते मला ठाऊक आहे. मी अकोल्याला शिकवायला गेलो असे म्हणत होतो, पण मी माझे ओझे उतरवायला गेलो होतो, आणि ते उतरवायला मला तिचाच खांदा सापडला. गजाननभाऊंनी तिला एक खोटी जागा दिली होती, जिथे कोणाचीच चूक नव्हती आणि दोघांनाही उभे राहता येत होते. आता तिथे गजाननभाऊ एकटेच उभे आहेत, आणि त्यांना ते ठाऊक नाही.

हे छापून आल्यावर ते वाचतील का, हा प्रश्न मला पडला होता. म्हणून नावे बदलली आहेत, आणि ओळख पटेल असे आणखीही काही. जे बदलले नाही ते आरशाचे.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर अकोला मागे पडल्यावर माझ्या लक्षात आले की डावा आरसा अजून सुजाताच्या डोळ्यांना लावलेला आहे. ती बुटकी, सीट पुढे ओढून बसलेली. मी उंच, मागे सरकून बसणारा. माझ्या जागेवरून त्यात रस्ता दिसत नव्हता. माझ्याच गाडीचे मागचे दार आणि खालचे डांबर, एवढेच दिसत होते. थांबून तो फिरवून घ्यायला हवा होता. असा आरसा ठेवून गाडी चालवणाऱ्या विद्यार्थ्याला मी तिथेच थांबवले असते. मी थांबलो नाही. तिने इतक्या नीट लावलेला तो पहिलाच आरसा होता. त्याला हात लावायला माझे मन होईना.

मूर्तिजापूरच्या अलीकडे डावीकडून एक मोटारसायकल अचानक पुढे आली. ती मला दिसलीच नव्हती. तिच्यावरच्या माणसाने मागे वळून मला शिवी दिली आणि तो निघून गेला. माझे दोन्ही पाय ब्रेकवर होते. इतक्या वर्षांच्या सवयीने मी डावीकडे पाहिले. सुजाताही माझ्या शेजारी शिकत असताना अशीच पाहायची: आपल्याला नाही दिसले तरी सरांना दिसले असेल, या भरवशाने.

डावीकडची सीट रिकामी होती.